मुक्त म्हणा, फुकट नव्हे

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. वीस वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या आठवणी संगणकावर टाईप करून ठेवल्या. परवा फाइल उघडली, तो पानभर नुसती अगम्य चिन्हे! जुना फॉन्ट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला होता, ते नव्या संगणकावर चालेना. मजकूर मास्तरांचा, पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

श्रोतेहो, मुक्त सॉफ्टवेअरची शिफारस करायची ती यासाठी. 'फुकट मिळते' एवढेच सांगू नका. त्याची घडण कोणीही पाहावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी, अशी मुभा त्याच्या परवान्यातच असते, हे सांगा.

मात्र एका दिवसात कुणाचा सारा संगणक पालटू नका. आधी लिब्रेऑफिस द्या, तेही त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घेतलेले. जुने सॉफ्टवेअर शेजारी राहू द्या. मराठी युनिकोडमध्ये टाईप करा आणि फाइल ओडीएफ पद्धतीत ठेवा. ही पद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिचे नियम प्रसिद्ध आहेत. उद्या लिब्रेऑफिस नसले, तरी दुसरे सॉफ्टवेअर ती फाइल उघडू शकेल.

आणि स्थळ सुचवताना खोडही सांगावी. दुसरीकडून आलेल्या फाइलीत तक्ते, समास कधीकधी हलतात, हे आधीच सांगा. पहिल्या अडचणीला स्वतः हजर राहा.

मास्तरांच्या आठवणींचे काय? सुदैवाने छापील प्रत होती. आता रोज दोन पाने नव्याने टाईप होताहेत.