अमीन सायानी यांचा आवाज आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समारंभात विद्यार्थी व पालक यांच्यापुढे मी जे चार शब्द बोललो, ते स्मरणिकेसाठी लिहून द्यावेत असा चिटणीसांचा आग्रह झाला. बोललेले जसेच्या तसे कागदावर उतरत नाही. तरी विषय आपणा सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून हा प्रयत्न.

दि. २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत अमीन सायानी यांचे निधन झाले. ते ९१ वर्षांचे होते. आजच्या मुलांना हे नाव कदाचित माहीत नसेल. पण त्यांच्या आजोबा-आजींना विचारा. नाव उच्चारताच त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहा.

माझ्या लहानपणी आमच्या घरी रेडिओ नव्हता. त्या काळी रेडिओ घ्यायचा म्हणजे पोस्टातून परवाना काढावा लागे व दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. आमच्या दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम सुरू झाला की बाजारपेठेत ठसक्याशिवाय श्वास घेणे कठीण. दिवसभर पोती वाहिलेले हमाल बुधवारी रात्री आठच्या सुमारास चहाच्या हॉटेलासमोर येऊन बसत. आत फळीवर रेडिओ असे. सिलोन स्टेशन कधी खरखरे, कधी मध्येच बुडून जाई, पुन्हा वर येई. मग तो आवाज येई, ‘बहनों और भाइयों’, आणि सारे गप्प होत.

बायकांना हॉटेलवर जाता येत नसे. माझी आई शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकून ऐके. घरातील वडीलधाऱ्यांना सिनेमाची गाणी पसंत नव्हती, तेव्हा हे ऐकणे काहीसे चोरूनच. एकदा ती म्हणाली, “हा माणूस आधी आम्हा बायकांशी बोलतो, मग तुमच्याशी.” तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण एवढी गोष्ट तिने बरोबर टिपली होती.

आता थोडी माहिती देतो. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे चाहते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली, परंतु बुधवारची रात्र गीतमालेचीच राहिली. १९८८ पर्यंत हा कार्यक्रम सिलोनवरून होत असे. त्यानंतर तो विविध भारतीवर आला.

आम्हां सर्वांची समजूत अशी की अमीनभाई कोलंबोत बसून बोलतात. प्रत्यक्षात ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोला जात.

पहिल्या गीतमालेत सात गाणी वाजवीत. श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा व बरोबर उत्तराला शंभर रुपये बक्षीस, अशी योजना होती. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे ती आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली. पत्रे मोजणेही अशक्य झाले, तेव्हा स्पर्धा बंद करून लोकप्रियतेप्रमाणे गाण्यांचे ‘पायदान’ ठरविण्यात येऊ लागले. त्यासाठी रेकॉर्डच्या दुकानांतील विक्री व गावोगावच्या श्रोता संघांची मते घेत. गीतमालेचे हे काम सुरुवातीला अमीनभाईंना मिळाले, कारण मोबदला आठवड्याला फक्त पंचवीस रुपये होता आणि त्यात लिहिणे, बोलणे व पत्रे तपासणे ही सारी कामे आली. नावाजलेल्या निवेदकांना ते परवडणारे नव्हते. नवख्या मुलाने ते उचलले.

वाचकहो, एवढ्यासाठीच मी हा विषय घेतलेला नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

मी सातवीत असताना एका वक्तृत्व स्पर्धेत भाग घेतला होता. भाषण पाठ होते. घरात आम्ही उर्दू बोलत असू, गल्लीत अहिराणी, शाळेत मराठी. मी ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणालो, ‘पाणी’ला ‘पानी’. सभागृहात हशा पिकला. परीक्षकांनी सर्वांसमोर सांगितले की ह्या मुलाचे उच्चार शुद्ध नाहीत, त्याने बोलण्याच्या फंदात पडू नये. त्यानंतर कित्येक वर्षे मी व्यासपीठाची पायरी चढलो नाही. शिक्षक झालो तरी नवीन वर्गात पहिले वाक्य बोलताना घसा कोरडा पडे.

खूप उशिरा मला कळले की अमीन सायानी यांनाही आकाशवाणीच्या हिंदी विभागाच्या आवाज चाचणीत नकार मिळाला होता. वाचन चांगले आहे, पण उच्चारात गुजराती व इंग्रजीची छटा फार आहे, असा शेरा होता. तो खोटाही नव्हता. घरची भाषा गुजराती आणि सुरुवातीचे निवेदन इंग्रजीतले. तरुण मुलगा नाराज झाला. त्यांचे थोरले बंधू हमीद सायानी इंग्रजीतील नामवंत निवेदक होते. त्यांनी सल्ला दिला की सिलोनच्या हिंदी कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण चालते तेथे जाऊन बस आणि ऐक. अमीनभाई जाऊन बसू लागले. एके दिवशी जाहिरात वाचणारा आला नाही, ती त्यांना वाचायला मिळाली. मोबदला म्हणून आठवड्याला ओव्हल्टीनचा एक डबा! ज्या उच्चाराला नकार मिळाला होता तोच आवाज पुढे आपल्या देशात आणि शेजारच्या देशांतही घरोघरी पोहोचला. २००९ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले.

मग ही भाषा त्यांनी आणली कुठून? ह्याचे उत्तर त्यांच्या आईकडे आहे. कुलसुम सायानी ह्या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्यांनी १९४० ते १९६० ह्या काळात ‘रहबर’ नावाचे पाक्षिक चालविले. नुकतेच वाचायला शिकलेल्या प्रौढांसाठी ते होते. भाषा सोपी हिंदुस्थानी, आणि लिप्या तीन : नागरी, उर्दू व गुजराती. एकच मजकूर तीन शेजाऱ्यांनी आपापल्या अक्षरांत वाचावा, ही कल्पना. लहानपणी अमीनभाई ह्या कामात आईला हातभार लावीत. जड शब्द काढून हलका शब्द घालायचा, वाक्य शेवटच्या माणसाला समजले पाहिजे, हे शिक्षण त्यांना तेथे मिळाले. पुढे १९६९ साली कुलसुमबाईंना नेहरू साक्षरता पुरस्कार मिळाला. पण मला विचाराल तर त्यांचे खरे पारितोषिक दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओवर बोलत होते.

पालकहो, ह्यातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, आपल्या मुलांच्या बोलण्यात घरची छटा असणारच. ती लाजेची गोष्ट नव्हे. पण “आमची भाषाच अशी” म्हणून स्वस्थ बसणे हेही बरे नाही. अमीनभाईंनी कष्ट करून उच्चार सुधारले, आणि घरचा गोडवा मात्र सोडला नाही. मराठी आपल्या बाजाराची, कचेरीची, शेजाराची भाषा आहे. ती आपल्या मुलांना चांगली आलीच पाहिजे. तिच्यामुळे उर्दू कमी होत नाही. एक खोली बांधली म्हणून दुसरी पडत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षक बंधुभगिनींसाठी. वर्गात मूल चुकले तर त्याला हसू नका, इतरांना हसू देऊ नका. चूक सांगा, शब्द पुन्हा म्हणवून घ्या, मग शाबासकी द्या. एका हशाने माझी कित्येक वर्षे खाल्ली. आपल्या शाळेत दुसऱ्या कोणाची जाऊ नयेत. परिपाठाच्या वेळी रोज एका मुलाने व एका मुलीने दोन मिनिटे मोठ्याने वाचावे, अशी माझी सूचना आहे. पैसा लागत नाही, फक्त धीर लागतो.

तिसरी गोष्ट विद्यार्थिनींसाठी. मुलींनो, तुमच्या घरात आई किंवा आजी निरक्षर असेल तर ही स्मरणिका तिला वाचून दाखवा. जो शब्द तिला कळणार नाही तेथे थांबा आणि सोपा शब्द शोधा. ‘रहबर’ बंद होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, परंतु ते काम अजून संपलेले नाही.

समारंभ आटोपल्यावर एक गंमत झाली. पाचवीतील एक मुलगा माझ्याकडे आला व म्हणाला, “सर, उद्या परिपाठाला मी वाचू का? मला ‘ळ’ येत नाही.” मी म्हणालो, “मलाही येत नव्हता. उद्या आपण दोघे वाचू.” दुसऱ्या दिवशी आम्ही वाचले. ‘ळ’ त्याचा अजून पुरता जमलेला नाही. पण हसले कोणी नाही.

अमीन सायानी यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.