परदेशातून येणारी चाकाची गाडी



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, परदेशातून गाडी मागवणारे आपल्यात असे कितीसे? पण आज पुष्कळ घरांतली मुले बाहेरदेशी नोकरीला आहेत. कोणी आखाती मुलखात, कोणी विलायतेत. गावी वडील पायाने अधू. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, बॅटरीवर चालणारी खुर्ची धाडतो." खुर्ची बंदरात येऊन पोचते. मग एक कागद पुढे येतो. अमुक इतका कर भरा. तो कागद कसा वाचावा, हे आज आपण पाहू.

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली. देशाच्या वेशीवरचा नाका मात्र आहे. बोलताना आपण त्याला कस्टम म्हणतो. कागदावर सीमाशुल्क असे लिहितात. त्याचे काम १९६२ सालच्या कायद्याने चालते.

या नाक्यावर वस्तू आकड्याने ओळखतात. १ जानेवारी १९८८ पासून जगातल्या बहुतेक देशांनी वस्तूंच्या क्रमांकांची एकच पद्धत धरली आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. अपंगांच्या गाडीचा क्रमांक ८७१३. हाताने ढकलायची असो की मोटर बसवलेली असो, दोन्ही त्यातच. तिच्या सुट्या भागांना ८७१४ खाली जागा आहे. माणसे नेणाऱ्या मोटारगाडीचा क्रमांक ८७०३.

८७१३ आणि ८७०३. फरक फक्त एका आकड्याचा. पण आपल्या देशात ८७१३ या क्रमांकाच्या चाकखुर्चीचे नाव २०१७ सालच्या सवलतीच्या यादीत होते. मोटारगाडीवरचा कर मात्र भारी. म्हणजे एक आकडा चुकला, तर गरिबाच्या खिशाला भोक पडते.

कोणी विचारेल, खुर्चीला मोटारगाडी कोण म्हणेल? म्हणतात, बरे का. विलायतेत हा वाद मोठ्या कोर्टापर्यंत गेला. तिकडे चार चाकांची, पुढे दांडा असलेली बॅटरीची गाडी मिळते. चालायला त्रास होणारी माणसे तिच्यावर बसून बाजारहाट करतात. नाक्याने म्हटले, हिच्यावर धडधाकट माणूसही बसू शकेल. मग ही मोटारगाडी, भरा १० टक्के. ८७१३ म्हटले असते, तर कर शून्य होता. व्यापारी कोर्टात गेले. २६ मे २०१६ रोजी युरोपच्या न्यायालयाने तत्त्व सांगितले. गाडी कोणासाठी बनवली आहे, ते पाहावे. दुसरा कोणी तिच्यावर बसू शकतो, एवढ्याने ती मोटारगाडी ठरत नाही. चालण्याची अडचण किती दिवसांची, हाही प्रश्न नाही. अडचण नावापुरती नसली म्हणजे झाले.

म्हाताऱ्याची काठी घेऊन तरण्या पोराने कुत्रे हाकलले, म्हणून ती म्हाताऱ्याची काठी राहत नाही काय? तसेच हे. निकाल युरोपातला आहे. आपल्या नाक्यावर तो बंधनकारक नाही. पण क्रमांक तोच आहे. म्हणून युक्तिवाद ठाऊक असावा.

आता दुसरी बाजूही ऐका. साधी मोटार घेतली आणि तिला हाताने चालवायचा ब्रेक, क्लच बसवला, तर ती ८७१३ मध्ये येत नाही. क्रमांकांचा अर्थ सांगणाऱ्या टिपांतच तसे म्हटले आहे. ती मोटारगाडीच राहते. एका पायाने चालवायची सायकलही सायकलच राहते.

रस्त्याचा कायदा मात्र निराळा बोलतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगाची गाडी मुळातूनच तशी बांधलेली लागे. नुसता बदल केलेली चालत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने बदल करून घेतलेली गाडीही त्यात धरली. म्हणजे एकच गाडी रस्त्यावर अपंगाची ठरेल आणि बंदरात साधी मोटार ठरेल. तेव्हा मोटार हवी असेल, तर इथेच घ्यावी आणि इथेच बदल करून घ्यावा. तो बदल गाडीच्या नोंदणी पुस्तकात लिहून घ्यावा.

खुर्ची मागवायची असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. अपंगत्वाचा दाखला आणि दिव्यांग ओळखपत्र आधी काढून ठेवा. २०१६ च्या कायद्यात पुष्कळ हक्कांसाठी ४० टक्के अपंगत्वाची अट आहे.

दुसरी गोष्ट. दुकानदाराच्या बिलावर नुसते 'स्कूटर' किंवा 'गाडी' लिहू देऊ नका. अपंगासाठी बनवलेली, असे स्पष्ट लिहून घ्या. कारखान्याचे माहितीपत्रकही जोडा.

तिसरी गोष्ट. सवलतीच्या अधिसूचना वरचेवर बदलतात. मागवण्याआधी ताजी अधिसूचना आणि तिच्या अटी परवानेदार कस्टम दलालाकडून दाखवून घ्या. त्याच्या नुसत्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी. २०११ पासून क्रमांक आणि कर आधी मागवणाऱ्यानेच सांगायचा असतो. त्या अर्जाला बिल ऑफ एन्ट्री म्हणतात. अधिकारी तो बदलू शकतो. बदलला आणि तुम्हाला मान्य नसेल, तर 'मान्य आहे' असे लिहून देऊ नका. तुम्ही लिहून दिले नाही, तर अधिकाऱ्याने १५ दिवसांत कारणांसह लेखी हुकूम द्यायचा असतो. हुकूम हाती पडल्यापासून ६० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. माल पडून राहिला की बंदराचे भाडे चढते. म्हणून हरकत लेखी नोंदवून कर भरावा, खुर्ची सोडवावी आणि मग अपील करावे.

घाईत पुष्कळ जण काय करतात? दलाल कागद पुढे करतो आणि ते सही ठोकतात. ती सही मान्यतेची असते. तिथेच हक्क अर्धा गेला.

आम्ही अक्षरे शिकवतो ती नुसती पाटी देवळावरची का बसवरची हे कळावे म्हणून नव्हे. ज्याचे पाय चालत नाहीत, त्याला ती खुर्ची म्हणजे पायच आहेत. ते पाय बंदरात अडकले, तर सोडवायला घरात एक तरी वाचणारा हवा. कागद पुढे आला की आधी वाचा. आकडा पाहा. मगच सही करा.