डोंगराआडचा निरोप



३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. ही वार्ता जगाला कळली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या त्या कामगाराला गावच जागेवर दिसेना. त्याच वर्षी मंगळाच्या कक्षेत यान पोहोचविणाऱ्या देशात संकटाचा निरोप एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून राहिला.

मावळही त्याच सह्याद्रीच्या कुशीत आहे. इंद्रायणी आणि पवना यांच्या खोऱ्यांमध्ये लोहगड-विसापूरची रांग उभी आहे. खाजगी कंपनी मोबाइलचा मनोरा उभारते तो ग्राहकसंख्या पाहून. लोणावळ्याच्या पर्यटकाला जी सेवा मिळते ती डोंगरापलीकडच्या वाडीला मिळेलच असे नाही. शिवाय पावसात वीज गेली की काही तासांत मनोराही मुका होतो.

येथे 'लोरा' पद्धतीची, काही हजार रुपयांत मिळणारी छोटी रेडिओयंत्रे उपयोगी पडतात. त्यांवर चालणारी 'मेशटास्टिक' ही २०२० साली सुरू झालेली आज्ञावली कोणालाही विनामूल्य वापरता व सुधारता येते. एका यंत्राचा निरोप दुसरे झेलते आणि पुढे धाडते. सामान्यतः असे तीन टप्पे, फार तर सात. सिमकार्ड नाही, मासिक बिल नाही. ध्वनिलहरी नव्हे, पण रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त झाला. हा हक्क वापरावयास हवा.

मात्र भाबडेपणा नको. या यंत्रावर बोलता येत नाही; सुमारे दोनशे बाइटांचा लेखी निरोप तेवढा जातो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे मराठी निरोप पासष्टेक चिन्हांतच संपतो. (इंग्रजीला तिप्पट ऐसपैस जागा, हेही ओघानेच आले!) तेव्हा 'दरड. तीन घरे. रस्ता बंद.' असे निरोप आधीच ठरवून ठेवावेत.

प्रारंभाला तीन यंत्रे पुरेत: एक वाडीत, एक उंचावर, एक कामशेतसारख्या ठिकाणी. मधल्या यंत्राला दोन्ही टोके सरळ दिसली पाहिजेत, कारण डोंगर लहरी अडवितो. अँटेना जोडल्याखेरीज यंत्र सुरू करू नये, ते जळू शकते. प्रदेश म्हणून भारत निवडावा. लोहगड-विसापूर ही संरक्षित स्मारके आहेत. तटबंदीला खिळा ठोकण्याऐवजी गडाखालच्या वाडीतील एखाद्या घराचे छप्पर मालकाच्या संमतीने घ्यावे. श्रावणातल्या ढगांत सौर पट्टीचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरी भारण्याच्या पाळ्या लावाव्यात.

दरडप्रवण वाड्यांचे पुनर्वसन आणि इशारायंत्रणा हे शासनाचे काम आहे. तो तगादा या यंत्रांमुळे ढिला पडता कामा नये. आणि कामशेतच्या टोकाला रात्री दोन वाजता निरोप वाचणारा माणूस कोण, हे यंत्रे विकत घेण्यापूर्वी ठरवावे. मे महिन्यातच यंत्र हातात घेऊन पायवाटा चालून पाहाव्यात आणि निरोप कोठे तुटतो ते वहीत टिपावे.