न वाचता केलेली सही



संगणकाच्या पोटातल्या गोष्टीवर बोलायला हा सातवी शिकलेला कामगार का उभा राहिला, असे आपल्याला वाटले असेल. फार वर्षांपूर्वी एका कारखान्यात करार झाला. "मसुदा तोच आहे, फक्त पुन्हा टाइप केला," असे सांगण्यात आले आणि मी सही केली. 'कामगार' या शब्दाआधी 'कायम' एवढा एकच शब्द त्यात शिरला होता. बदली कामगारांचा भत्ता गेला. तेव्हापासून "काही बदललेले नाही" असे कोणी म्हटले, की मी चष्मा पुसून बसतो.

लिनक्स ही संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ती १९९१ साली सुरू केली. तिच्या गाभ्यात प्रत्येक उपकरणासाठी 'ड्रायव्हर' असतो. प्रोसेसरने एकेक अक्षर स्वतः वाहून न्यायचे, म्हणजे मुकादमानेच पोती उचलायची. त्यापेक्षा उपकरणालाच स्मृतीतली जागा नेमून द्यावी आणि त्याने माल थेट तिथे उतरवावा. याला डीएमए म्हणतात. सोय मोठी, पण माल उतरत असतानाच ती जागा दुसऱ्याला दिली, तर हा हमाल विचारत नाही. दुसऱ्याच्या मालावर पोते टाकून मोकळा होतो.

आता खरी गोष्ट. पीसीआय जातीच्या उपकरणांसाठी जागा मागण्याची एक जुनी आज्ञा होती. "आत्ताच्या आत्ता द्या, मी थांबणार नाही," असे ती गुपचूप बजावी; लिहिणाऱ्याला ते दिसतही नसे. जागेची टंचाई असली, की अशी घाईची मागणी फेटाळली जाण्याचा संभव अधिक. २०२२ साली ही जुनी आज्ञा मोडीत निघाली. तिच्या जागी जी आली, तिच्यात थांबायची तयारी आहे की नाही, ते उघड लिहावे लागते.

शब्दाच्या जागी शब्द घालायला फ्रान्समध्ये तयार झालेले कॉक्सिनेल नावाचे अवजार होते. पण इथे थांबता येईल का, हे ते कसे ठरवणार? तिथे माणूसच बसला. हे काम कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले, असे मागे मागे जायचे. वाटेत कुणी कुलूप धरून ठेवले आहे का? उपकरणाने हाक मारली म्हणून प्रोसेसर हातचे काम टाकून आला आहे का? तसे असेल आणि आपण थांबलो, तर सारे यंत्रच अडकण्याची भीती. नसेल, तर खुशाल थांबावे.

मग दुसऱ्याने ते तपासायचे. लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे थोडे, ही तक्रार तिथेही आहेच. तपासणाऱ्याचे नाव त्या बदलाखाली राहते. त्या नावाचा अर्थही नियमांत दिला आहे: मी तपासले, मला योग्य वाटते, परंतु हे ठरल्याप्रमाणे चालेलच अशी हमी देत नाही. आमचे एक स्नेही याला पळवाट म्हणाले. मला ती प्रामाणिकपणाची भाषा वाटते. माझ्या त्या करारावर माझी सही आहे. तपासले, असे तिच्याखाली मला लिहिता आले नसते.