वजन उतरावे, ताकद उतरू नये

(सिनेगॉगच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



महिला मंडळाने मला दिलेला विषय होता, 'पन्नाशीनंतर सुटलेले पोट कसे उतरवावे'. त्यांची परवानगी घेऊन मी त्यात चार शब्द वाढवले आहेत: 'आणि स्नायू कसे राखावेत'. याला कारण माझा व्यवसाय. अश्दोदमध्ये मी तीस वर्षे फिजिओथेरपीचे काम करीत आले आहे. पोट मोठे झाले म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही. लोक येतात ते खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो म्हणून, बसच्या पायरीवर पाय उचलत नाही म्हणून, पडून खुब्याचे हाड मोडले म्हणून. आणि त्यांतल्या कित्येकांनी आदल्या वर्ष-दोन वर्षांत मोठ्या निग्रहाने वजन उतरवलेले असते.

एक उदाहरण सांगते, नाव न घेता. साठीच्या एका बाईंनी नातवाच्या बार मित्स्वापर्यंत बारीक व्हायचे ठरवले. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री भाज्यांचे सूप. पाच महिन्यांत अकरा किलो उतरले. समारंभात ज्याने त्याने कौतुक केले. पुढे दोन महिन्यांनी त्या माझ्यासमोर बसल्या, तेव्हा हात टेकल्याशिवाय त्यांना उठता येईना. पोट राहिलेच होते, दंड आणि मांड्या मात्र वाळल्या होत्या. वर्षभरात आठ किलो परत आले, आणि ते बहुतेक चरबीच्या रूपाने आले. काट्यावर तीन किलोंचा फायदा दिसत होता. देह पहिल्यापेक्षा दुबळा झाला होता.

असे का होते? अन्न कमी पडले की शरीर तूट भरून काढते, आणि ती केवळ चरबीतून काढत नाही. नुसत्या उपासमारीने उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज असतो, आणि त्यात स्नायू असतात. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंची थोडीथोडी झीज होतच असते, साठीनंतर तिचा वेग वाढतो. त्यावर ही कपात झाली म्हणजे म्हातारपणासाठी ठेवलेली पुंजी आपण पन्नाशीतच मोडून खाल्ली.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे कागदोपत्री दोघेही सडपातळ. पण क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाविषयी विनोदाने लिहिले की रुग्णालयातल्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी आपण रोज सकाळी धावतो, तेवढाच. जन्मतःच वजन कमी असणे हेही त्यामागे असू शकते, असे त्यांनी सुचवले. हातपाय काटकुळे, पोट पुढे, आणि काट्यावर सगळे ठीक: हे चित्र आपल्या घराघरांतले आहे. आपले पूर्वज कोकणातून आले. आपण इस्राएलमध्ये जन्मलो तरी शरीराची ठेवण तिकडचीच आहे. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याच्या टेपवर विश्वास ठेवा. दक्षिण आशियाई पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर वजन काहीही असो, सावध व्हावे.

साखरेच्या गोळ्या किती घरांत आहेत, ते मी हात वर करून विचारणार नाही. एवढेच सांगते की जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून ठेवण्याचे मुख्य कोठार म्हणजे स्नायू. कोठार लहान झाले की माल रस्त्यावर पडतो.

आता लोकांचा आवडता समज: 'चाळिशी उलटली, पचनाग्नी मंदावला, आता काय करणार?' २०२१ साली हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापला. २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसे, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत. शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत शरीराचा ऊर्जाखर्च जवळजवळ स्थिर राहतो, असे त्यांना आढळले. त्यानंतर तो हळूहळू उतरतो. म्हणजे दोष घड्याळाचा नाही. चाळिशीत स्नायू कमी होतात, हालचाल कमी होते, खुर्ची आणि मोटार वाढते, झोप तुटते, आणि ताटातले मात्र तेवढेच राहते. स्त्रियांच्या बाबतीत पाळी जाताना इस्ट्रोजेन उतरते आणि मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. तो निसर्गाचा भाग आहे, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

एक भ्रम आणखी. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जळत नाही. ती कोठून आधी जावी हे शरीर ठरवते. आतड्यांभोवतीची, खरी घातक चरबी तुलनेने लवकर हलते. ओटीपोटावरची, चिमटीत येणारी, सर्वांत शेवटी. तिच्या पेशींची घडणच अशी असते की त्यांतील मेद सहजी सुटत नाही. म्हणून आरशात तीन महिने काही दिसले नाही तरी आत काम चालू असते. पट्ट्याचे भोक बदलले का, ते पाहा.

ताटाविषयी. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा वेगाने उतरू नये. वय जास्त असेल तर त्याहूनही सावकाश. रोजच्या जेवणातून ३०० ते ५०० कॅलरी कमी केल्या तर पुरे. दुपारच्या चहाबरोबरचे एक मोठे बुरेकास साधारण तेवढेच भरते. मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आपल्या आज्यांनी रश्शाला नारळाचे दूध लावले. युक्ती सुरेख, पण दाट दुधाच्या एका वाटीत सुमारे ३०० कॅलरी असतात. सणाला अवश्य करा. मंगळवारच्या रात्री पातळ दुधावर भागवा. मलिदा मात्र मी कोणाला सोडायला सांगणार नाही. नवस फेडताना खाल्लेल्या दोन मुठी पोह्यांनी कोणाचे पोट सुटलेले मी पाहिलेले नाही.

कमी करायचे ते भात, पोळी, ब्रेड, गोड आणि तेल. प्रथिने कमी करायची नाहीत, उलट वाढवायची. मध्यम वयात वजन उतरवताना शरीराच्या दर किलोला निदान १.२ ग्रॅम प्रथिने रोज मिळावीत. ७० किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम. आता आपले ताट मोजा. चहा-टोस्टमध्ये चार-पाच ग्रॅम. एका अंड्यात सहा. वाटीभर शिजलेल्या डाळीत सहा-सात, आणि बिरड्याची वाटीही त्याच घरातली. तिशाबावला आपण 'बिरड्याचा सण' म्हणतो, पण बिरडे करायला सणाची वाट पाहायला नको. शंभर ग्रॅम मासळीत वीस. इथले कॉटेज चीज तर या कामासाठी सोन्यासारखे: २५० ग्रॅमच्या डब्यात सुमारे २७ ग्रॅम प्रथिने. ही सारी प्रथिने रात्रीच्या एका जेवणात कोंबू नयेत, तिन्ही वेळा वाटावीत. सकाळ आपली सर्वांत दुबळी असते, तेथून सुरुवात करा. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी हे परस्पर करू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनीही. जेवण बदलले की मात्रा बदलावी लागते.

पण प्रथिने म्हणजे विटा झाल्या. गवंडी बोलावला नाही तर भिंत उभी राहत नाही, आणि तो गवंडी म्हणजे भार. मला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते हेच. आपली मंडळी फिरायला जातात, समुद्रकाठी तास-तास चालतात, आणि व्यायाम झाला असे समजतात. चालणे हृदयाला उत्तम. स्नायू राखायला ते पुरत नाही. २०१७ साली अमेरिकेत १६० स्थूल ज्येष्ठांवर झालेला एक प्रयोग पाहा. व्यायाम करणाऱ्या तीन गटांनी सहा महिन्यांत सारखेच, सुमारे ९ टक्के वजन उतरवले. ज्यांनी केवळ चालण्यासारखा, दम वाढवणारा व्यायाम केला, त्यांचे चरबीखेरीजचे वजन ५ टक्क्यांनी घटले. भार उचलणाऱ्यांचे २ टक्क्यांनी. दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्क्यांनी. आणि एकूण कार्यक्षमता सर्वांत अधिक सुधारली ती दोन्ही करणाऱ्यांची.

'या वयात वजने उचलायची?' असे विचारणाऱ्या आजींसाठी बोस्टनची एक गोष्ट आहे. तेथील ज्यू वृद्धांच्या हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये डॉ. मारिया फियातारोन यांनी नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे मांड्यांचा भारव्यायाम दिला. १९९० साली निष्कर्ष छापले गेले: कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीचा स्नायू ९ टक्क्यांनी. नव्वदीत! आपण पंचावन्नाचे.

जिमचे पैसे भरायची सक्ती नाही. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एखादा दिवस सोडून, अर्धा तास. खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे. भिंतीवर, पुढे ओट्यावर हात टेकून दंड काढणे. पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी वाकून कमरेपर्यंत ओढणे. टाचा उचलणे. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. बारा सहज होऊ लागले की पिशवीत बाटली वाढवा. भार वाढवत नेला नाही तर स्नायू तेथेच थांबतो. इथे बहुतेकांचे घोडे पेंड खाते. आणि शब्बाथला लिफ्ट वापरायची नाही म्हणून तिसऱ्या मजल्यावर चढणारे आमचे काका आठवड्यातला उत्तम व्यायाम आयताच करतात. माझे म्हणणे इतकेच की रविवारीही चढावे. स्वतः वैद्य असलेल्या रांबाम यांनी जेवणाआधी अंग तापेपर्यंत कष्ट करावे आणि पोट चौथा हिस्सा रिकामे ठेवून उठावे, असे सांगितले आहे. मला त्यात दुरुस्ती सुचत नाही.

कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यांनी झोपेकडे विशेष लक्ष द्यावे. अन्न तेवढेच कमी केले तरी झोप तुटलेल्या माणसाची चरबी कमी उतरते आणि स्नायू अधिक जातो. हल्लीची आठवड्याची इंजेक्शने घेणाऱ्यांनाही हेच लागू. भूक मरते तेव्हा प्रथिनेही मरतात; ज्यांना डॉक्टरांनी ती दिली आहेत त्यांनी भाराचा व्यायाम तर मुळीच टाळू नये. किप्पूरच्या उपासानंतर काट्यावर जे कमी दिसते ते बहुतांशी पाणी असते, त्याचा हर्ष करू नका.

आता जरा खुर्च्या पुढे-मागे करून जागा करा. हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उठायचे आणि पूर्ण बसायचे; मी घड्याळ लावते. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पायांची ताकद कमी पडते आहे असे समजावे. असा वेळ लागणाऱ्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. ज्यांचे गुडघे दुखतात, चक्कर येते, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी बसूनच राहावे. त्यांच्याशी मी वेगळे बोलेन. चला, पहिली रांग.