जठराला पट्टा बांधल्यावर

आपल्याकडे पंगतींत पानें वाढून झालीं, म्हणजे यजमान हात जोडून पाहुण्यांस विनवितो, "सावकाश होऊं द्या." या तीन शब्दांकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. यजमान स्वतःच दुसऱ्या क्षणीं जिलबीचें ताट घेऊन आग्रहास निघतो, आणि पाहुणाही भराभर हात चालवूं लागतो. परंतु जगांत असेही कांहीं लोक आहेत कीं, ज्यांच्या बाबतींत हे तीन शब्द शिष्टाचाराचे नसून वैद्याच्या आज्ञेइतके कडक आहेत. घास घाईनें गिळला, तर तो छातीखालीं अडून बसावयाचा आणि भरल्या पंगतींतून त्यांना उठून जावें लागावयाचें. स्थूलता कमी व्हावी म्हणून ज्यांच्या जठराला शस्त्रक्रियेनें पट्टा बांधलेला असतो, ते हे लोक होत. आजचें भाषण त्यांच्या आयुष्यक्रमाविषयीं आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अतिस्थूल मनुष्य दिसला कीं, लोक त्याला खादाड व आळशी ठरवून मोकळे होतात. परंतु अतिस्थूलता ही वैद्यकशास्त्र व्याधींत गणतें. आनुवंशिकता, शरीरांतील रसांचें भूक-तृप्तीवरील नियंत्रण, कांहीं औषधें, निद्रा, मनःस्थिति आणि राहणी अशीं अनेक कारणें तिच्या मुळाशीं असतात. उपास करून वजन उतरविलें, तरी शरीर तें परत मिळविण्याची खटपट करितें. भूक वाढते, आणि उष्णतेचा खर्च कमी होतो. या ओढाताणींत वर्षानुवर्षें हरलेला मनुष्य शस्त्रक्रियेकडे वळतो, तो सोपा मार्ग पाहून वळत नाहीं. इतर मार्ग चालून थकल्यावर तो तेथें येऊन पोंचलेला असतो.

हा पट्टा, ज्याला गॅस्ट्रिक बँड म्हणतात, तो म्हणजे सिलिकोनचें एक पोकळ कडें. अन्ननलिका जेथें जठरास मिळते, त्याच्या किंचित् खालीं तें जठराभोंवतीं बसवितात. त्यामुळें वरच्या बाजूस सुमारें १५ ते २० घनसेंटिमीटर, म्हणजे तीनचार चहाचे चमचे मावतील एवढी लहानशी पिशवी तयार होते. कड्याच्या आंतल्या अंगास एक फुगा असून त्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या कातडीखालीं ठेवलेल्या एका डबीला जोडलेली असते. बाहेरून सुई टोंचून त्या डबींत मिठाचें निर्जंतुक पाणी भरलें कीं कडें आवळतें, आणि काढून घेतलें कीं सैल होतें. जठराचा कोणताही भाग यांत कापून टाकीत नाहींत, व आंतड्यांचा मार्गही बदलीत नाहींत.

अशा आवळतां येणाऱ्या पट्ट्याचे प्रयोग १९८५-८६ च्या सुमारास स्वीडनमध्यें हॉलबर्ग व फोर्सेल यांनीं आणि अमेरिकेंत ल्युबोमिर कुझमाक यांनीं केले. त्या काळीं पोट उघडूनच तो बसवावा लागे. पुढें १९९३ च्या सप्टेंबरांत बेल्जममधील ह्यूई या गांवीं मितिकु बेलाचू या इथिओपियांत जन्मलेल्या शल्यविशारदांनीं लहान छिद्रांतून दुर्बिणीच्या साह्यानें तो बसवून दाखविला. अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यानें २००१ सालीं त्यास मान्यता दिली. ऑस्ट्रेलियांत तर कित्येक वर्षें हीच शस्त्रक्रिया सर्वांत लोकप्रिय होती. तेथील एक प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नव्यानें मधुमेह जडलेल्या ६० स्थूल रोग्यांपैकीं निम्म्यांस पट्टा बांधला, व उरलेल्यांस केवळ आहार, व्यायाम व औषधें यांवर ठेवलें. दोन वर्षांनीं पट्टा बांधलेल्यांपैकीं शेंकडा ७३ लोकांचा मधुमेह मावळलेला आढळला, तर दुसऱ्या गटांत हें प्रमाण शेंकडा १३ होतें.

हें सर्व ऐकून कोणास वाटेल कीं, पट्टा बसला म्हणजे काम संपलें. वस्तुतः खरें काम तेथूनच सुरू होतें.

पहिले सुमारें दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ घ्यावयाचे असतात. वरणाचें पाणी, ताक, दूध, गाळलेलें सार यांवर दिवस काढावे लागतात. पुढचे दोन आठवडे मऊ, वाटलेलें अन्न, आणि मग हळूहळू नेहमींचें घन अन्न. पट्टा प्रथम बहुधा रिकामा ठेवतात, व चारसहा आठवड्यांनंतर त्यांत पहिल्यानें पाणी भरतात. तोंपर्यंत भूक पूर्वीसारखीच लागते, आणि पुष्कळांचा धीर या वेळींच सुटूं लागतो. शस्त्रक्रिया फुकट गेली असें त्यांना वाटतें. परंतु जखमा भरून येऊन पट्टा स्थिर व्हावयास हा काळ जाऊं द्यावाच लागतो.

यानंतर जेवणाची शिस्त येते. लहान थाळी घ्यावी. सुपारीएवढा घास घेऊन तो पुरता मऊ होईतों चावावा. दोन घासांमध्यें थोडें थांबावें. जेवण वीस ते तीस मिनिटांत आटोपावें, व पान तसेंच राहिलें तरी उठावें. प्रथम उसळ, अंडें, मासळी किंवा पनीर असें प्रथिनयुक्त अन्न, मग भाजी, आणि जागा उरली तर शेवटीं भात-पोळी. जेवतांना पाण्याचे घोट घेऊं नयेत, पाणी मधल्या वेळांत प्यावें. ताजा मऊ पाव, चिकट भात, कोरडी पोळी, चिवट मांस हे पदार्थ पुष्कळांना अडतात, परंतु कोणास काय अडेल हें ज्याचें त्यानेंच शोधावें लागतें.

पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वीं तड लागेपर्यंत जेवणें म्हणजे जेवण, अशी संवय असते. आतां तृप्तीची खूण फार हलकी असते. कोणास उचकी लागते, कोणास शिंक येते, कोणाचें नाक वाहूं लागतें. ती खूण ओळखून जो हात आंवरतो, त्याचें निभावतें. जो म्हणतो, "एवढा एकच घास," त्याचा तो घास अडतो. छातींत दाटून येतें, तोंडाला लाळ व फेंस सुटतो, आणि अन्न वर आल्याखेरीज चैन पडत नाहीं. अशा वेळीं पाणी पिऊन घास ढकलूं पाहूं नये. शांतपणें उठून चार पावलें टाकावीं. परंतु पाण्याचा घोटही खालीं उतरेनासा झाला, तर मात्र वाट न पाहतां शल्यविशारदाकडे जावें. सुईनें पट्ट्यांतील पाणी काढून घेणें हें थोड्याच वेळाचें काम असतें.

आतां एका काल्पनिक बाईंचें चित्र डोळ्यांसमोर आणूं. अशा बाई जेथें हा पट्टा रुळला, त्या प्रत्येक देशांत असतील, परंतु आपल्याला ओळख पटावी म्हणून त्यांना आपल्याच एखाद्या शहरांत बसवूं. पहिल्या वर्षीं त्यांचें वजन चांगलें उतरलें. जिना चढतांना दम लागेनासा झाला, गुडघे हलके झाले, जुन्या चोळ्या आंत घेऊन शिवाव्या लागल्या. दुसऱ्या वर्षीं पुतण्याची मुंज निघाली. पंगतींत जाऊबाईंनीं आग्रहानें पुरणपोळी वाढली. बाईंनीं मन मोडवेना म्हणून चार घास भराभर घेतले, आणि पांचवा अडला. त्या तोंडाला पदर लावून उठल्या. सासूबाई म्हणाल्या, "पानावरून असें उठूं नये, अन्नाचा अपमान होतो." जाऊबाईंचा चेहरा उतरला. बाईंना दुःख झालें, तें घास अडल्याचें नव्हे. चारचौघांत जेवण्याचा आपला हक्क गेला, असें त्यांना त्या दिवशीं वाटलें.

त्यानंतर त्यांनीं घन अन्नाची धास्ती घेतली. उसळ नको, पोळी नको. चहांत बुडवून बिस्किटें, दुपारीं आइस्क्रीम, रात्रीं गोड दूध, असा क्रम सुरू झाला. हे पदार्थ पट्ट्याखालून बिनबोभाट निसटून जातात. वजन पुन्हां चढूं लागलें. रात्रीं आडवें झालें कीं खोकला येई, घशाशीं आंबट येई. "पट्टा बांधूनही आपल्याला जमलें नाहीं," अशी लाज वाटून त्यांनीं डॉक्टरांकडे जाणें सोडलें.

वस्तुस्थिति नेमकी उलटी होती. पट्टा जरूरीपेक्षां अधिक आवळला गेला होता. घन अन्न अडतें, म्हणून मनुष्य मऊ व गोड पदार्थांकडे वळतो. वजन वाढतें, म्हणून पट्टा आणखी आवळावा असें त्यास वाटतें. आणि आवळला कीं घन अन्न अधिकच अडतें. रात्रीचा खोकला व घशाशीं येणें ही या फेऱ्याची खूण होय. बाई अखेर मुलीच्या सांगण्यावरून गेल्या. थोडें पाणी काढतांच आठवड्याभरांत वाटीभर उसळ सुखानें उतरूं लागली, आणि तिनें भूक चार तास थांबूं लागली. सैल केलेल्या पट्ट्यानें वजन उतरूं लागावें, हें ऐकावयास विपरीत वाटतें. परंतु पट्ट्याचें काम अन्न अडविणें हें नसून थोडक्यांत तृप्ति देणें हें आहे, हें ज्यास कळलें, त्यास त्यांत विपरीत कांहीं वाटणार नाहीं.

या उपायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पट्टा जागचा सरकतो, कधीं जठराच्या भिंतींत रुततो, नळी गळते, वरची पिशवी ताणून मोठी होते. ब्रुसेल्स येथें १९९४ ते १९९७ या काळांत ज्यांना पट्टे बांधले, त्यांची बारा वर्षांहून अधिक काळानंतरची हकीकत २०११ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांचा शोध लागला, त्यांपैकीं जवळजवळ निम्म्यांचे पट्टे काढावे लागले होते. उलट, मेलबर्नच्या वैद्यांनीं २०१३ सालीं पंधरा वर्षांचा अनुभव मांडून असें दाखविलें कीं, नियमित देखरेखीखालीं असलेल्यांनीं जादा वजनापैकीं सरासरी शेंकडा ४७ भाग कमी करून तसाच राखला होता. मात्र त्यांतही पुष्कळांना पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागली होती. या अडचणींमुळें आज नव्यानें पट्टा बांधून घेणारे थोडे झाले आहेत, व जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया पुढें आली आहे. तथापि ज्यांच्या पोटांत पट्टा आहे, त्यांना तो आज, उद्यां आणि परवां सांभाळावयाचाच आहे. वारंवार उलट्या, पोटांत एकाएकीं तीव्र कळ, डबीपाशीं लाली व सूज, अथवा भूक अकस्मात् पूर्वीसारखी उसळणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर उशीर करूं नये. वेदनाशामक गोळ्या मनानें घेऊं नयेत. दिवस राहिल्यास तें लगेच डॉक्टरांच्या कानावर घालावें, म्हणजे जरूर तर पट्टा सैल करतां येतो. आणि वजन वाढलें म्हणून तोंड चुकवूं नये, कारण तेव्हांच जाण्याची खरी जरूर असते.

आतां उरला घरच्या मंडळींचा भाग. पट्टा एकाच्या पोटाला बांधलेला असतो, पण त्याची शिस्त साऱ्या घरानें थोडी थोडी वांटून घ्यावी लागते. आपल्याकडे प्रेम वाढण्याच्या पळीनें मोजतात. "आमच्या हातचें गोड लागत नाहीं वाटतें?" हा प्रश्न प्रेमापोटींच येतो, परंतु अशा मनुष्याला तो सुईपेक्षां अधिक टोंचतो. पानांत कांहीं टाकूं नये हा संस्कार चांगलाच आहे. म्हणून मुळांत पानांत कमी वाढावें, म्हणजे संस्कारही राहतो आणि पोटही राहतें. वाग्भटानें जठराचे चार भाग कल्पून दोन अन्नानें व एक द्रवानें भरावा, आणि चौथा वायूकरितां मोकळा ठेवावा, असें सांगून ठेविलें आहे. तो उपदेश साऱ्यांनाच होता. पट्टा बांधलेल्याला तो रोज पाळावा लागतो, एवढाच फरक.

त्या बाईंच्या घरीं पुढें काय झालें असेल? सासूबाईंनीं कपाटांतून नातवंडांच्या लहानपणींची वाटी शोधून काढली, आणि सुनेचें पान त्या वाटीच्या मापानें वाढूं लागल्या. दिवाळीला जाऊबाई आल्या, तेव्हां त्यांनीं करंजीचें ताट पुढें केलें खरें, पण अर्धी करंजी मोडून पानांत ठेवली आणि स्वतः शेजारीं बसल्या. बाईंना ती अर्धी करंजी खावयास दहा मिनिटें लागलीं. तेवढा वेळ दोघी बोलत होत्या. मुंजीच्या दिवशीं बाईंना गेलासा वाटलेला हक्क त्या दहा मिनिटांत परत मिळाला.

तेव्हां, श्रोतेहो, पुढल्या वेळीं पंगतींत हात जोडून "सावकाश होऊं द्या" असें म्हणाल, तेव्हां क्षणभर थांबावें, आणि पाहुण्याला खरोखरच सावकाश होऊं द्यावें.