पायाची बोटे बधिर होतात का?

आवणीच्या दिवसांत वाशिंद, शहापूर, मुरबाडकडची आपली मंडळी दिवसभर अनवाणी चिखलात असतात. संध्याकाळी बोटांना मुंग्या आल्या तर "गारठ्यानं झालं" म्हणून सोडून देतात. रात्रीत उतरल्या तर ठीक. पण आवणी उरकून १५ दिवस झाले तरी बोटे बधिरच, पायातून चप्पल सुटलेली कळत नाही, काटा रुतला तरी दुखत नाही, असे असेल तर तो गारठा नव्हे.

घरीच पाहा. डोळे मिटून बसा आणि दुसऱ्याला कापसाची वात बोटांवर हलकेच टेकवायला सांगा. कळली नाही तर आरोग्य केंद्र गाठा. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचा संशय धरावा. त्यात लपवण्यासारखे काही नाही. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते, ६ किंवा १२ महिने घ्यावे लागते, आणि रोग बरा होतो. मात्र उशीर केला तर गेलेली संवेदना पुष्कळदा परत येत नाही.

चट्टा नसेल तर रक्तातील साखर तपासून घ्या. मधुमेहात बहुधा दोन्ही पायांची बोटे आधी बधिर होतात. रोजची दारूही नसा बिघडवते, हे ओघात सांगतो. फवारणी करणाऱ्यांनी डब्यावरचे नाव डॉक्टरांना सांगावे, कारण काही कीटकनाशकांची बाधा दोन-तीन आठवड्यांनी पायांत दिसते.

बधिर पाय शेकू नका, डाग तर मुळीच देऊ नका; भाजलेले कळत नाही. गमबूट उलटा झटकून मगच घाला. रोज रात्री पाय धुऊन तळवे बघा, स्वतःला दिसत नसतील तर घरातल्या पोराला बघायला सांगा.